डाव्या हाताचा डबा

आमच्या टेबलावरचा नियम कुणी केलेला नव्हता, तरी सगळे पाळायचे. स्वतःच्या डब्याचं झाकण काढायच्या आधी दुसऱ्याच्या डब्यात हात घालायचा. परवानगी मागायची नाही. मागितली तर तो अपमान समजला जायचा.

कंपनी महाळुंग्यात. गाड्यांना लागणारे पत्र्याचे भाग आम्ही प्रेसवर दाबून काढतो. कंपनी चहा देते आणि बसायला पत्र्याची शेड देते, जेवण ज्याचं त्यानं आणायचं. पंख्याखालच्या टेबलावर आम्ही तिघं. एक मी, परभणीकडचा, चिखलीत भाड्यानं राहणारा. दुसरा खुद्द महाळुंग्याचा. त्याच्या वडिलांचं शेत होतं तिथं आता कुणाचंतरी गोडाऊन आहे आणि तो आमच्याकडे सेटर आहे, म्हणजे प्रेसमध्ये साच्याची डाय चढवायची, उतरवायची, नीट बसली का बघायचं. तिसरा देहूरोडचा, क्वालिटीतला. त्याचे वडील लष्कराच्या कारखान्यात होते, घर बौद्ध, घरात पुस्तकं भरपूर. तिघांत बोलायला तोच तिखट. सेटर मोठ्यानं बोलायचा आणि मी उशिरानं बोलायचो, म्हणून मला ते दोघं सारखे छळायचे.

माझ्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि ज्वारीची भाकरी. ह्यावर दोघांचा डोळा. माझा डबा मला कधीच पुरला नाही, म्हणून बायको तीन पुडाचा डबा भरायची. म्हणायची, एक पुड तुमचा आणि दोन तुमच्या पाहुण्यांचे.

मग माझा उजवा हात गेला. प्रेसमध्ये पत्र्याचा तुकडा अडकला होता, तो काढायला हात आत घातला आणि पाय प्रेस खाली आणणाऱ्या पायडलवर राहिला. असं काही सांगताना लोक 'डोळ्याचं पातं लवायच्या आत' वगैरे म्हणतात. मला त्यातलं काही आठवत नाही. सेटरचा आवाज तेवढा आठवतो. तो समोरून "हात!" असा ओरडला होता. त्यानंच वीज बंद केली, त्यानंच मला उचललं आणि तोच दवाखान्याच्या दारात बसून राहिला, असं मला नंतर कळलं. मनगटाच्या थोडं वरपर्यंत कापावा लागला.

काही महिन्यांनी मी परत कामावर आलो. प्रेसवर नाही, टूल स्टोअरला. खिडकीतून पाने, मापाच्या गेजा, हातमोजे द्यायचे आणि परत घ्यायचे. हातमोजे जोडीनं देताना पहिले काही दिवस समोरचा माणूस माझ्याकडे न बघता घ्यायचा.

पहिल्याच दिवशी गेटवर अडलो. हजेरीच्या यंत्रात माझा उजवा अंगठा नोंदवलेला होता. यंत्र सारखं 'पुन्हा प्रयत्न करा' म्हणत होतं. सिक्युरिटीवाला बिचारा ओशाळून म्हणाला, "साहेब, अंगठा द्या ना." मग त्याचं त्यालाच कळलं आणि तो टोपी काढून उभा राहिला. मला हसू आलं होतं, पण तो एवढा गंभीर झाला की मलाही गंभीर व्हावं लागलं. तिथून पुढे बरेच दिवस माझं हेच काम होतं. लोक गंभीर व्हायचे आणि मी त्यांना साथ द्यायचो.

आमच्या एचआरच्या मॅडम वयानं लहान आणि मनानं चांगल्या. त्यांनी कंपनीच्या ग्रुपवर मेसेज टाकला की इथून पुढे 'अपंग' किंवा 'हँडिकॅप' हे शब्द कुणीही वापरू नयेत, 'दिव्यांग' म्हणावं. खाली चाळीसेक जणांनी नमस्काराचे हात टाकले. प्रत्येकी दोन. दिव्य काय झालंय ते मी माझ्यापुरतं तपासून पाहिलं. उरलेला हात अगदी साधा होता. त्याची नखं वाढत होती आणि ती कापायला दुसरा हात नव्हता. ती बायको कापते. सरकारी दाखल्यावर मी किती टक्के अपंग आहे ते लिहिलंय. उरलेले टक्के कशाचे, ते लिहिलेलं नाही.

गावी गेलो तेव्हा शेजारच्या म्हातारीनं मला बघून सरळ म्हटलं, "थोटा झालास की रे लेकरा," आणि जवळ बसवून घेऊन रडली. जाताना पदराखालून दोन अंडी दिली. तिचा शब्द वाईट होता, मॅडमचा चांगला होता, आणि दोघी माझ्याशी चांगल्याच वागल्या. मला शब्दांबद्दल फारसं काही म्हणायचं नव्हतं. शब्द कसा आहे ते बोलणाऱ्याच्या तोंडावरून कळतं.

मॅडमनी माझ्यासाठी रॅम्पही करून घेतला. कँटीनच्या दोन पायऱ्यांच्या शेजारी सिमेंटचा उतार, आणि त्याला एक चकचकीत कठडा, उजव्या बाजूला. माझे पाय ठणठणीत आहेत. मी पायऱ्यांनीच चढायचो, पण मॅडम समोर असल्या की रॅम्पवरून जायचो, कारण त्यांनी तो मंजूर करून घ्यायला वरपर्यंत भांडण केलं होतं. पाण्याचे जार आणणाऱ्याची मात्र सोय झाली. तो मला अजून राम राम घालतो.

सगळ्यात जास्त हाल मराठी भाषेचे झाले. आपल्या बोलण्यात हात फार. हात टेकले, हात वर केले, हातावर तुरी दिल्या, हात दाखवून अवलक्षण. माझ्यासमोर माणसं बोलता बोलता अडखळायची. सुपरवायझर एकदा म्हणाला, "ह्या नव्या पोरांपुढं मी तर अगदी हा—" आणि थांबला. मग म्हणाला, "थकलो." मी मनात त्याचं वाक्य पूर्ण केलं आणि त्याला स्क्रू-ड्रायव्हर दिला.

हे सगळं मी बघत होतो, आणि त्याचा फार त्रास होत होता असं नाही. माझी अडचण एकच होती. माझ्या डब्यात आता कुणी हात घालत नव्हतं.

आधी मला वाटलं, दोन-चार दिवस असं चालेल. मी टेबलावर बसायचो, डबा गुडघ्यांत धरायचो, डाव्या हातानं कडी सोडवायचो, मग एकेक पुड उपसून ठेवायचो. पहिल्यांदा चटणीचा पुड निसटून खाली पडला. पडला तेव्हा ते दोघं एकदम उठले, एकानं फडकं आणलं, एकानं खुर्ची सरकवली, दोघांनी मिळून माझी चटणी गोळा केली, आणि दोघांपैकी एकानंही म्हटलं नाही की अरे वेड्या, आमची चटणी सांडलीस. पूर्वी ह्याच गुन्ह्यासाठी त्यांनी मला आठवडाभर सोडलं नसतं. त्यानंतर मी झाकण काढेपर्यंत दोघं पंख्याकडे बघायचे. मग आपापलं खायचे. सेटर मला "जेवा सावकाश" म्हणायचा. जो माणूस मला "गिळ लवकर, भोंगा व्हईल" म्हणायचा, तो आता मला अहो-जाहो करायला लागला होता.

मी स्वतःहून डबा पुढे केला असता तर झालं असतं, असं कुणालाही वाटेल. पण पुढे करायचा कुठल्या हातानं? आपल्यात डाव्या हातानं कुणाला खायला देत नाहीत. प्रसाद डाव्या हातात घेत नाहीत. लहानपणी मी डावा हात पुढे केला की आई त्यावर चापट मारायची. चिखलीत सकाळी भाजी घ्यायला गेलो तर ओळखीची भाजीवाली बोहनीची नोट डाव्या हातातून घेईना. वाईट वागली नाही हो. "दादा, तिथं टोपलीत ठेवा, मी घेते," म्हणाली. नोट टोपलीत पडली की ती कुठल्या हातातून पडली ह्याचा देवाला पत्ता लागत नसावा. तेव्हा मी असं धरून चाललो की ह्या दोघांनाही माझ्या डाव्या हाताच्या जेवणाची किळस येते, आणि ते भले म्हणून बोलत नाहीत.

घरी डबा अर्धा भरलेला जायला लागला. बायको दोन दिवस बघत राहिली. तिसऱ्या दिवशी विचारलं, "भाजी बिघडली होती का? कामून उरली?"

"पाहुण्यांची पोटं बिघडलीत," मी म्हणालो.

"दोघांचीबी?"

मी चप्पल काढायला वाकलो. पुढच्या आठवड्यात तिनं तीन पुडाचा डबा घासून वरच्या फळीवर ठेवून दिला आणि मला प्लास्टिकचा चपटा डबा आणला. "ह्याचं झाकण सैल हाय, एका हातानं निघतं," म्हणाली. त्यात एका माणसाचं जेवण मावायचं. झाकण खरंच सहज निघायचं. तिनं विचार करून आणला होता, आणि तो डबा मला बिलकुल आवडला नाही.

एकदा बसमध्ये देहूरोडचा शेजारी येऊन बसला. तळवड्याच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. तो खिडकीबाहेर बघत म्हणाला, "सेटर तुझ्या डब्याकडे बघत पण नाही हल्ली."

"तू तरी कुठं बघतोस?"

तो खिडकीकडून माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "आमच्या आजीच्या भाकरीला गावात कोणी हात लावायचं नाही. तिचं कारण वेगळं होतं, तुला माहितीये. पण आजी काय करायची, माहितीये का? आपणहून विचारायची. घेता का, म्हणायची. शेतात, बांधावर, कुठंही. म्हणायची, नको म्हणायचंय तर म्हणा, पण माझ्या तोंडाकडे बघून म्हणा."

"मग म्हणायचे?"

"बरेच जण म्हणायचे. दोघं-तिघं नाही म्हणू शकले."

"मग तू का घेत नाहीस माझ्या डब्यातलं?"

"तू विचारलंस का, भावा?"

मी विचारलं नव्हतं. त्यानंतरही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी डबा उघडून ठेवला, तोंडापर्यंत शब्द आला, आणि मी घास घेतला. 'नको' ऐकायची मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. आजी धीराची असेल. मी आपला टूल स्टोअरचा माणूस.

अशात नवरात्र आलं आणि खंडेनवमी जवळ आली. आमच्या पट्ट्यात दिवाळीपेक्षा मोठा सण हा. आदल्या दिवशी सगळी मशिनं धुऊन-पुसून लख्ख करायची, तेलाचे ओघळ काढायचे, झेंडूच्या माळा घालायच्या. मग प्रत्येक लाइनवर जो सगळ्यात जुना कामगार असेल त्यानं मशीनची पूजा करायची, नारळ फोडायचा, आणि शेवटी मशीन एकदा रिकामंच चालवायचं. त्याला आम्ही 'पहिला ठोका' म्हणतो. तो पडल्याशिवाय पेढे वाटत नाहीत. आमच्या प्रेस लाइनवर सगळ्यात जुना मी. हात जाण्याआधी कितीतरी वर्षं पहिला ठोका माझाच होता.

ह्या वर्षी काय करायचं ह्यावर माझ्यामागं बैठक झाली, हे मला कळलं होतं. कारण मी स्टोअरच्या खिडकीत आलो की तिघं-चौघं एकदम पाण्याच्या टाकीकडे चालायला लागायचे. अडचण त्यांचीही खरी होती. मला डावलावं तर वाईट दिसतं. मला पूजा सांगावी तर डावा हात. शिवाय ज्या प्रेसनं हात घेतला त्याच प्रेसची. सेटरच्या आईनं म्हणे निक्षून सांगितलं होतं की पूजा उजव्याच हातानं व्हायला पाहिजे. कुणीतरी सुचवलं की माझा रबरी हात घालून यावं. तो हात कंपनीनंच करून दिलाय, कपाटात बायकोच्या शालूशेजारी असतो. बनवणाऱ्यानं तो चांगला गोरापान केलाय आणि मी आहे काळा, त्यामुळे तो घातला की कुणी परका माणूस माझ्या बाहीतून हात घालून बसलाय असं वाटतं. ती सूचना बारगळली.

शेवटी काय ठरलं ते मला थेट खंडेनवमीला सकाळी समजलं. प्रेस शॉप झाडून पुसून चकाचक. प्रेससमोर दोन पाट मांडलेले. मॅडम साडी नेसून आल्या होत्या, फोटोसाठी मोबाइल हातात. देहूरोडचा पूजा-बिजा करत नाही, तो खांबाला टेकून लांब उभा. सेटर स्वच्छ अंघोळ करून, टोपी घालून, गंभीर चेहऱ्यानं माझ्याजवळ आला.

"ह्ये बघा, पूजा तुमचीच हाय," तो म्हणाला. "मी निस्ता हात चालवतो. तुमी माझ्या शेजारी बसायचं, आन् माझ्या हाताला हात लावायचा. म्हंजी पूजा तुमाला पोचली."

सगळे मान डोलवत होते. बैठकीत खूप डोकं चालवून काढलेली तोड होती ती, आणि त्यांना तिचा अभिमान वाटत होता. मीही बसलो. सेटरनं पळी उचलली, मी डाव्या हाताची बोटं त्याच्या कोपराला लावली. आणि बसल्यावर मला कळलं की मी कुठं बसलोय. सत्यनारायणाला नवरा पूजा करतो आणि बायको शेजारच्या पाटावर बसून त्याच्या हाताला हात लावते. माझी बायको मला तसा हात लावत आली होती. सगळ्या शॉपनं घरोघरी हे दृश्य पाहिलेलं होतं, आणि ठरवताना मात्र एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. ज्यांच्या ध्यानात आता येत होतं ते बुटांकडे बघत होते. हवेत नुसता झेंडूचा आणि ग्रीसचा वास.

खांबाजवळून देहूरोडचा म्हणाला, "जोडा शोभतोय, राव. वहिनींना उखाणा घ्यायला लावा."

मॅडमचा मोबाइल खाली आला. सुपरवायझरनं डोळे मिटले. सेटरच्या हातातली पळी तशीच राहिली आणि त्याचा कोपर माझ्या बोटांखाली थरथरला. मला आधी वाटलं तो घाबरलाय. मग बघितलं तर तो हसू दाबत होता. मला राग आला. आणि त्याच वेळी मला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. हात गेल्यापासून माझी कुणी थट्टा केली नव्हती.

"उखाणा घेतो," मी म्हणालो, "पण असला नवरा मला नको. ह्याच्या घरी नऊ दिवस नुसती भगर खायला लागते."

मग जे हसू फुटलं ते आवरेना. मागच्या लाइनवरची पोरं काय झालं म्हणून बघायला आली. मॅडमही हसल्या आणि हसल्याबद्दल माझ्याकडे बघून "सॉरी" म्हणाल्या. मी त्यांना म्हटलं की सॉरीचं काही नाही, फक्त आता मला पूजा करू द्या.

"डाव्या हातानं?" मागून कुणीतरी हळूच म्हणालं.

"दुसरा प्रेसनंच ठेवून घेतलाय," मी म्हणालो. "देवाला हिशोब माहीत असेल."

सेटर पाटावरून उठला आणि बाजूला झाला. मी डाव्या हाताच्या बोटानं कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या, फूल ठेवलं. सवय नसल्यानं कुंकवाचा टिळा वाकडा गेला. नारळ दगडावर आपटला, पहिल्यांदा नुसती चीर गेली, दुसऱ्यांदा फुटला. पाणी प्रेसच्या पायावर शिंपडलं. प्रेसबद्दल मला त्या वेळी काही वाटलं नाही. लोक विचारतात म्हणून सांगतो. ते यंत्र आहे, त्याला माझी ओळख नाही.

मग पहिल्या ठोक्यासाठी प्रेससमोर उभा राहिलो आणि तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आलं.

माझ्या अपघातानंतर कंपनीनं पायडल काढून टाकलं होतं. त्याजागी प्रेसच्या दोन बाजूंना दोन मोठी बटणं बसवली होती, एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकाच वेळी दाबली तरच प्रेस खाली येतो. म्हणजे प्रेस खाली येताना माणसाचे दोन्ही हात बटणांवर असतात, आत कुणाचा हात राहू शकत नाही. चांगली व्यवस्था आहे. ती माझ्यामुळे झाली आणि तिच्यामुळे मी आता तो प्रेस जन्मात चालवू शकत नाही. दोन बटणांत अंतरही एवढं की एक हात आणि कोपर असली लबाडी चालू नये. रॅम्पच्या वेळी एवढा विचार करणाऱ्या मॅडमना हे सुचलं नव्हतं, बैठकीत कुणाला सुचलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही.

मी डाव्या बटणावर हात ठेवून उभा होतो. उजवं बटण रिकामं. पेढ्यांचा खोका कुणाच्या तरी हातात तसाच.

सेटर पुढं आला. माझ्या उजव्या बाजूला उभा राहिला आणि त्यानं आपला पंजा उजव्या बटणावर ठेवला. दोन माणसांनी मिळून ती बटणं दाबायची नसतात, तो नियम भिंतीवर लिहिलेला आहे. सुपरवायझरनं प्रेसच्या चारी बाजू फिरून बघितलं की आत काही नाही, जवळ कुणी नाही, आणि मग तो झेंडूची माळ सरळ करायला लागला.

"एक, दोन, तीन," सेटर म्हणाला. आम्ही दाबलं. प्रेस हलला नाही. त्यानं आधी दाबलं होतं, मी मागून.

"परत. एक, दोन, तीन." परत तेच. दोन्ही बटणं अगदी एकाच क्षणी दाबावी लागतात.

तिसऱ्यांदाही मी मागेच पडलो. तेव्हा सेटर वैतागला. इतके महिने जपून ठेवलेलं बोलणं त्याच्या तोंडातून एकदम सुटलं.

"आरं लक्ष कुटं हाय तुजं? येवढ्या वर्सांत येळेवर हात हालला का तुजा कदी?"

सेटरचा चेहरा राखेसारखा झाला. "हात!" म्हणून ओरडलेला तोच आवाज होता, हे त्याला कळलं होतं आणि मलाही.

"वेळेवर हलला असता तर इथं तुझा हात कशाला लागला असता?" मी म्हणालो. "मोज आता, आणि सावकाश मोज. घाई तुझीच असते."

त्यानं नाक वर ओढलं. माझ्याकडे बघितलं नाही. "एक," तो म्हणाला. "दोन."

तीनला आम्ही दोघांनी एकदम दाबलं. प्रेस खाली आला. जमीन हलते तशी हलली, वरचे झेंडू घरंगळले, प्रेस परत वर गेला. टाळ्या-बिळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पेढे वाटायला सुरुवात झाली. मी डाव्या हातात पेढा घेतला.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिघं पंख्याखाली बसलो. सेटरच्या डब्यात भगर आणि दाण्याची आमटी. उपास त्याची आई आणि बायको करतात, पण नऊ दिवस घरात दुसरं काही शिजत नाही. तो भगरीकडे बघत बसला होता. मी प्लास्टिकच्या डब्याचं झाकण काढलं. आत भाकरी, वांग्याची भाजी, कोपऱ्यात चटणी. सकाळचं सगळं होऊनही मला ते दोन शब्द म्हणायला वेळ लागला. पण डबा डाव्या हातानं उचलला आणि टेबलाच्या मधोमध धरला.

"घेता का?" मी विचारलं आणि सेटरच्या तोंडाकडे बघत राहिलो.

देहूरोडचा चावायचा थांबला.

"मंग?" सेटर म्हणाला. "इतके दिस काय झोपला व्हतास? मला वाटलं, ह्याला झाकान काढाया येवढी यातायात, त्यात आमी हात घालायचा, बरं दिसतंय व्हय? तुलाच कमी पडंल."

"मला वाटलं, डाव्या हाताचं म्हणून तुम्हाला नको असेल."

"न्हाई बा," तो म्हणाला. त्याला खरंच नवल वाटलं होतं. "चटनीला कुटला आलाय हात?" आणि त्यानं निम्मी भाकरी मोडून घेतली. देहूरोडच्यानं चटणीचा कोपरा पुसून नेला. वांग्याची भाजी दोघांनी वाटून घेतली. मला चार घास मिळाले आणि वर सेटरची भगर खावी लागली. ती अळणी होती आणि मी तसं त्याला सांगितलं.

संध्याकाळी घरी पोचलो तो पोटात कावळे ओरडत होते. चप्पल काढायच्या आधी खायला मागितलं. बायकोनं पिशवीतून डबा काढला, हलवून बघितला, उघडून बघितला.

"समदं खाल्लं?"

"मी नाही. पाहुण्यांनी."

तिनं तो डबा ओट्यावर ठेवला. मग स्टुलावर चढली आणि वरच्या फळीवरून तीन पुडाचा डबा खाली काढला. त्यावर धूळ बसली होती. मोरीत बसून घासायला लागली, आणि घासता घासता मधेच थांबली.

"ह्याची कडी लई घट्ट हाय," ती म्हणाली. "तुम्हाला उघडंल का?"

"मला नाही उघडला तर ते उघडतील," मी म्हणालो.